ग्लेनची झोप

सिप्रियन तुस्कानो माणिकपूरच्या एका शाळेत बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकांशी त्यांचं जमे, माणसांशी जेमतेम. त्यामुळे विमान कंपनीतल्या बाईंनी घरच्या फोनवर 'अंकल' म्हणून आपुलकीनं चौकशी केली, तेव्हा ते सुखावले.

त्यांचा मुलगा ग्लेन त्या कंपनीत वैमानिक होता. सलग पाच दिवस त्याला कधी पहाटेचं उड्डाण, कधी मध्यरात्रीचं. वसईला घरी येण्याजाण्यातले चार तासही कंपनी विश्रांतीतच धरी. पगार उड्डाणाच्या तासांवर, म्हणून नाही म्हणायला कोणी धजत नसे. त्या आठवड्यात मात्र ग्लेननं आणि सहा सोबत्यांनी ठरवलं होतं, की थकवा असह्य झाला तर लेखी कळवायचं: आज विमान चालवण्याच्या स्थितीत नाही. नियमानं तेवढा हक्क होता. तो आजवर कोणी वापरला नव्हता. पहिली चिठ्ठी ग्लेनची गेली, आणि दुपारी मोबाइल बंद करून तो आतल्या खोलीत झोपला.

बाईंनी विचारलं, ग्लेन आजारी आहे का. चिठ्ठीचं सिप्रियनना ठाऊक नव्हतं; आजारपणाचा बट्टा मुलाच्या नावाला लागू नये म्हणून त्यांनी आठवून आठवून सांगितलं. छे, ताप नाही की काही नाही. सकाळी माझ्याबरोबर राजोडीच्या समुद्रावर फिरून आला, पोटभर जेवला, आता झोपलाय. उठवू का?

"नको अंकल," बाई म्हणाल्या, "झोपू दे त्याला."

फोन ठेवून ते बायकोला, तेरेसाला, म्हणालेसुद्धा, की कंपनीची माणसं फार चांगली आहेत.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. राजोडीची फेरी आणि पोटभर जेवण, सगळं कागदावर उतरलं होतं. झोप येईना म्हणूनच समुद्रावर गेलो होतो, हे ग्लेननं परोपरीनं सांगितलं. खोटी सबब सांगून काम टाळलं, असा ठपका ठेवून कंपनीनं त्याला काढलं. बाकीच्या सहांनी आपापल्या चिठ्ठ्या मुकाट्यानं मागे घेतल्या.

तेरेसा एकदाच बोलली. "बत्तीस वर्षं वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी लावलीत. त्या दिवशी घरात तेवढी पाळली असती तर?"

ग्लेनला आखातात नोकरी मिळाली. निघताना वाकून त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "डॅडी, तुम्ही खोटं थोडंच बोललात?"

गुड फ्रायडेच्या आधी सिप्रियन पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये गेले. जाळीपलीकडून फादरनी विचारलं, काय घडलं हातून.

"मुलाबद्दल बोललो, फादर."

"खोटं?"

"नाही. खरं."

फादर म्हणाले, ते पाप नव्हे. दुसरं काही आहे का. दुसरं काही नव्हतं. मागे रांगेत कोणीतरी खाकरलं, तसे सिप्रियन गुडघे चोळत उठले.

रविवारी आखातातून फोन येई. तेरेसाच तो उचले. ग्लेन विचारी, डॅडी काय करताहेत. ती सांगे, झोपलेत.

शेजारच्या खुर्चीत, मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन, सिप्रियन ते ऐकत असत.