थेंब सांभाळणारी काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. माझ्यात तोंड पाहायला जाल तर फसाल, कारण माझं काम वेगळं. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी थेंब सांभाळते. निदान परवापर्यंत सांभाळत होते.

कारखान्यात माझ्या अंगावर एक पातळ लेप चढवला. त्याचा आणि पाण्याचा उभा दावा. लेपात मध्ये मध्ये गोल ठिपके तेवढे मोकळे सोडले. थेंब टाकला की तो आपल्या ठिपक्यात बसतो, लेपावर पाऊल टाकत नाही. मोहरीएवढ्या थेंबावर तपासणी होते, म्हणून तान्ह्या बाळाच्या टाचेतून फार रक्त काढावं लागत नाही. याचा मला मोठा तोरा होता.

माझ्याहून जास्त कौतुक तपासणी करणाऱ्या काकांना. त्यांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. काम झालं की धुवायचे आणि खिशातल्या रुमालाने लख्ख पुसायचे.

"काका, पुसू नका हो तिला! नुसती धुवून उभी ठेवा, आपोआप वाळते," मोठ्या डॉक्टरबाई ओरडायच्या.

"आणि डाग पडले म्हणजे? मऊ रुमाल आहे बाई, काही होत नाही."

पुसून पुसून लेप विरळ होत चालला होता. मला ते जाणवत होतं, तरी ते पुसणं मला हवंहवंसं वाटे. याची आता लाज वाटते.

परवा एका ठिपक्यात नवजात मुलीचा थेंब होता. शेजारच्या ठिपक्यात तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेला, दूध न पचण्याच्या आजाराचा दोष असलेला थेंब. तो झिजल्या जागेवरून ओघळला आणि मुलीच्या थेंबात मिसळला. मी त्याला थोपवू शकले नाही. निकाल आला: बाळाला दूध पचणार नाही, आईचं दूध ताबडतोब बंद करा, डब्यातलं खास दूध द्या.

दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी नव्या पट्टीवर फेरतपासणी झाली. बाळ ठणठणीत होतं. काकांनी मला उजेडात धरलं आणि झिजलेली जागा पाहिली.

मग बाळाची आई खिडकीशी आली. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "काच खराब निघाली म्हणून सांगा." काकांनी नकारार्थी मान हलवली.

"ताई, बाळाला काहीही झालेलं नाही. चूक माझी आहे. नको सांगितलं असताना मी काच पुसत राहिलो आणि..."

"म्हणजे मी पाजू तिला?"

"हो."

"दुसरं दूध तोंडातच घेईना हो ती. रात्रभर मला शोधत होती आणि मी पाठ करून बसले होते."

एवढं बोलून ती धावतच गेली. काकांवर रागवायलाही थांबली नाही.

मित्रांनो, आता मी कपाटात पडून आहे. एवढंच मागणं आहे, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला कसं जपायचं, हे आधी नीट विचारून घ्या. लाड माझे झाले, आणि उपाशी रडली ती चिमुरडी.