मुठीतली सिरिंज

ते जेल थंड असेपर्यंत पाण्यासारखं पातळ असायचं आणि अंगाची ऊब लागली की पाच-दहा मिनिटांत दह्यासारखं घट्ट व्हायचं. हार्ट अटॅकनंतर हृदयाचा जो भाग मरतो, तिथे ते टोचायचं आणि त्याच्या आधाराने आजूबाजूच्या जिवंत पेशी पुन्हा उभ्या राहतील, अशी आशा करायची. ते बनवण्यात ताईची तीन वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत आणि वचकूनही असत.

चाचणीत निम्म्या पेशंटना जेल, निम्म्यांना नुसतं सलाइन. काळ्या कागदात गुंडाळलेल्या सिरिंजमध्ये काय आहे, हे फक्त कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्याला ठाऊक. आणखी कुणाला कळलं, तर त्या पेशंटला दोन्हींतलं काहीच द्यायचं नाही. नेहमीचं बायपास करून छाती शिवायची. गेल्या महिन्यात एका पेशंटच्या बायकोने हात जोडून विचारलं होतं, "खरं द्याल ना?" तेव्हा ताईनेच तिला सुनावलं होतं, "नियम म्हणजे नियम."

आणि आज टेबलावर तिचा थोरला भाऊ होता. सख्ख्या भावाच्या सिरिंजचा डबा आपण नेऊ नये, एवढी अक्कल तिला होती. पण मायेपुढे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. बर्फाचा डबा घेऊन ती ऑपरेशन थिएटरबाहेर उभी राहिली. दार काही उघडेना. तिने एक सिरिंज काढली, मुठीत घट्ट धरली आणि मनात म्हणत राहिली, यात खरं असू दे. किती वेळ म्हणत होती, ते तिलाही कळलं नाही.

शेवटी दार उघडलं. आत नर्सने त्या सिरिंजचा दट्ट्या दाबून पाहिला.

"ताई, हा हलतच नाहीये."

सलाइन काही असं घट्ट होत नाही. म्हणजे दादाच्या वाट्याला खरं जेल आलं होतं! ताईला धावत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग आपण काय करून बसलो ते ध्यानात आलं: तिला कळलं, म्हणजे आता दादाला काहीच मिळायचं नाही.

डब्यात त्याच नंबरची, म्हणजे तेच भरलेली, दुसरी सिरिंज होती. "सुई खराब दिसते," एवढंच म्हणायचं होतं. कुणी पुढे विचारलंही नसतं.

"काय झालं?" मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

ताईला ती हात जोडणारी बाई आठवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तिचं स्वतःचंच मन तिला म्हणालं.

"माझ्या मुठीत घट्ट झालं," ती म्हणाली. "आत काय आहे, ते आता मला कळलंय."

डॉक्टरांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. "डबा परत घेऊन जा."

आठव्या दिवशी दादा उशीला टेकून बसला होता. ताईने स्टुलावर बसून त्याला सगळं सांगितलं.

"दुसरी होती ना डब्यात?"

"होती."

"मग एकदा खोटं बोलायला काय धाड भरली होती तुला?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. उठून जावं असं दोनदा मनात आलं, पण ती बसून राहिली.

"पुढच्या पेशंटला मिळणार का ते?" भिंतीकडे पाहतच त्याने विचारलं.

"मला नाही ठाऊक, दादा. ठाऊक असायचंच नसतं."

"डबा पुन्हा तूच नेणार?"

"नाही. त्या कामावरून काढलं मला."

"बरं केलं," दादा म्हणाला आणि छातीचे टाके सांभाळत, कण्हत, तिला कॉटवर बसायला जागा करून दिली.