ड्रिनीचा ‘ॲ’

मेट्रननं ड्रिनी कुगेलनबर्गला माझ्याकडे पाठवलं, तोवर पोर्ट आल्फ्रेडभर तिचं हसं झालं होतं. ड्रिनी माझ्यासारखीच घरी आफ्रिकान्स बोलणारी, दूर कार्नार्व्हनच्या मेंढ्यांच्या मुलखातली. इथल्या वृद्धाश्रमात त्या मेट्रनच्या हाताखाली नर्स. म्हाताऱ्या टॅरंटसाहेबांना सर्दी झाली, म्हणून तिनं डर्बनला त्यांच्या मुलाला फोन केला, डॅडबद्दल बोलायचंय म्हणून. पण आम्हा लोकांच्या तोंडात इंग्रजी ‘डॅड’चा ‘डेड’ होतो. मुलानं पुढचं ऐकलंच नाही. काळा कोट चढवून, बायकोला घेऊन गाडी हाकत आला, तर बाप व्हरांड्यात शब्दकोडं सोडवत बसलेला.

“टॅनी, त्यांचे चिरंजीव माझ्यासमोर पोरासारखे रडले हो,” ड्रिनी म्हणाली. टॅनी म्हणजे आमच्यात मावशी. “मग ओरडले. ओरडले त्याचं काही नाही.”

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. म्हटलं, “एवढंच ना? जबडा खाली सोड. दाताच्या डॉक्टरपुढे सोडतेस तसा. डॅड.”

“डेड.”

“आणखी खाली.”

“आणखी सोडला तर निखळेल, टॅनी.”

आरसा झाला, दातांत बूच धरून झालं. सुटा शब्द कधीमधी जमायचा. वाक्यात घातला की बाप पुन्हा मेलाच.

एकदा शेजारच्या प्रिंगलबाई कॉफीला आल्या. त्या जन्माच्या इंग्रज. म्हटलं, यांनाच विचारू. आधी मी दोन्ही शब्द म्हणून दाखवले, मग ड्रिनीनं.

प्रिंगलबाईंनी कप खाली ठेवला. “मार्थी, वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्ही दोघी एकच शब्द दोनदा म्हणताय.”

माझ्या कानांना ते दोन वेगळे शब्द ऐकू येत होते. तसं मी शपथेवर सांगितलं असतं. त्यानंतरही मी शिकवत राहिले, पण कशाच्या भरवशावर, ते माझं मलाच कळेना.

हिवाळ्यात एका दुपारी, जेवण झाल्यावर टॅरंटसाहेब खुर्चीतच गेले. मेट्रन बाहेर होती. फोन ड्रिनीनंच लावला.

“युअर डॅड इज डेड,” ती सगळा जीव एकवटून म्हणाली.

पलीकडे मुलगा हसला. “अहो सिस्टर, डॅड ते डॅडच. आता काय केलं त्यांनी?”

तिनं पुन्हा तेच सांगितलं.

“या वेळी नाही हं फसायचो मी,” तो म्हणाला. “सर्दी झालीय का परत?”

घाबरल्यावर तिला दुसरा शब्दच सुचेना. शेवटी तिनं फोन चहा देणाऱ्या नोमोंडेच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नोमोंडेनं हळू आवाजात सांगितलं.

शिकवणीच्या दिवशी ड्रिनी ठरल्या वेळी आली. मी कॉफी आणि रस्क ठेवले. तिनं हात लावला नाही.

“टॅनी, तुम्ही असता तर कसं सांगितलं असतं?”

मी कप तिच्याकडे सरकवला.

“कॉफी निवतेय,” मी आमच्या भाषेत म्हणाले.

वसंत लागायच्या आत ती कार्नार्व्हनला परत गेली. मेट्रननं थांबवून पाहिलं होतं म्हणे. मी नाही थांबवलं.