खिडकीतल्या काळ्या बाटल्या

ते साल १९९१. नळाच्या पाण्याची तपासणी गल्लीतल्या बायकांनीच करायची, असं त्या वर्षी ठरलं. एका संस्थेची तरुण मुलगी पिशवीभर बाटल्या घेऊन यायची. तिचं नाव पडलं बाटलीताई. बाटलीत औषध लावलेला कागद असे. नळाचं पाणी भरून बाटली उबेला ठेवायची. पाण्यात घाण असली, तर ते दुसऱ्या दिवशी काळं पडे. ज्या गल्लीत काळ्या बाटल्या जास्त, तिथे नवी पाइपलाइन आधी.

शिलाईवाल्या मावशींना ती पाइपलाइन हवीच होती. त्यांची नात सारखी पोटाने आजारी; पोर नुसती काडी झाली होती. म्हणून मशीन बंद ठेवून त्या घरोघरी बाटल्या वाटत हिंडल्या.

महिना गेला, तरी एकही बाटली काळी पडेना.

"मावशी, तुमचं पाणी स्वच्छ निघतंय," बाटलीताई पडल्या चेहऱ्याने म्हणाली. "पाइपलाइन बहुतेक दुसरीकडे जाणार."

"स्वच्छ? मग आमची पोर काय हवा खाऊन आजारी पडते?" असं म्हणत मावशींनी नवी बाटली उचलली आणि पातेल्यातलं पाणी फडक्यातून गाळून तिच्यात ओतलं.

"मावशी, हे उकळलेलं आहे?"

"मग! घरची घाण हापिसात पाठवू? लोक म्हणतील, या घरात बायामाणसं आहेत की नाहीत!"

"रोज उकळता?"

"रोज एवढं रॉकेल कुठून आणू? बाटलीपुरतं उकळते."

"सगळ्या गल्लीला वहिनींनीच शिकवलंय हो," आतून नणंदबाई ओरडल्या. "मला तर दोनदा उकळायला लावलं!"

बाटलीताईला हसू आवरेना. "अहो, उकळल्यावर ती काळी कशी पडणार?" मावशींनी मात्र ती बाटली मोरीत रिकामी केली. नातीसाठी हवी असलेली पाइपलाइन त्यांनी आपल्याच हातांनी घालवली होती.

संध्याकाळी त्या घरोघरी गेल्या, पण न उकळलेलं पाणी भरायला कुणी तयार होईना. "काळी बाटली माझ्या नावावर? जन्मभर बोलणी खायची का?" शेजारीण म्हणाली.

मग मावशींनी थेट नळाखाली बाटली भरली आणि रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शाईसारखी काळी झाली. येणारीजाणारी प्रत्येक बाई थबकून बघे. मावशींचे कान लाल झाले, पण त्यांनी बाटली हलवली नाही.

"अगं बाई, मावशी, तुमच्याकडे हे असलं पाणी?" शेजारीण म्हणाली.

"तुझा नळ काय स्वर्गातून आलाय? लाव बाटली!"

शेजारणीने लावली. मग समोरचीने. हळूहळू गल्लीतल्या खिडक्या काळ्या बाटल्यांनी भरल्या, आणि बायका चक्क कुणाची जास्त काळी यावरून भांडू लागल्या.

पुढच्या वर्षी पाइपलाइन आली. नणंदबाईंचा तिच्यावर कधीच विश्वास बसला नाही. शेवटपर्यंत त्या नव्या पाण्याची चव घेऊन नाक मुरडत राहिल्या. बाटलीताई लग्न होऊन परदेशी गेली. शेजारीण मुलाकडे राहायला गेली. नात धट्टीकट्टी झाली आणि बस चालवू लागली. तिच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसून मावशी म्हातारपणी गावभर हिंडल्या, तिकीट मात्र हट्टाने काढून.