मागची चूल

मुक्तानं तोटी सोडली, ग्लास तिरका धरला आणि बोटभर फेस आला तशी तोटी बंद केली. आप्पासाहेबांनी ग्लास खिडकीकडं धरला. चितेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरतं ऊन आलं होतं, पण ग्लासातून आरपार काही येईना. फक्त कडेला, बिअर काचेला टेकते तिथं, वाळल्या डाळिंबाच्या सालीसारखी तांबूस रेघ.

त्यांनी घोट घेतला. तोंडात धरला, कसाबसा गिळला.

"जळालंय."

"जळालं नाही, आप्पा. भाजलंय. ब्राउन एल जातीची बिअर अशीच असते. काळी, कडक."

"उद्या क्रांती चौकातला हॉटेलवाला चाखायला यायचाय. त्याला काय सांगू, आमची पुतणी करपवून पाजती?" त्यांनी ग्लास उलट्या क्रेटवर ठेवला. "मागची ती पिवळी, गोडसर, तीच दे त्याला. ही सोड गटारात. जागा माझी, लायसनवर नाव माझं."

दाराशी गोणपाटावर मुक्ताची आई, द्वारकाबाई, सूप घेऊन बिअरचे सातू निवडत बसल्या होत्या. थोरल्या दिरासमोर असायचा तसा डोक्यावर पदर, नजर खाली.

"धान्य भाजलं कुणी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

मुक्ताची नजर दाराकडं गेली आणि झटकन परत आली.

"मीच."

सुपातला हात थांबला.

लेक खोटं का बोलली, ते द्वारकाबाईंना कळत होतं. ही टाकी बसवली त्या दिवशी नारळ फोडताना आप्पासाहेबांनी त्यांना शेडबाहेर थांबायला लावलं होतं. नव्या कामाला विधवेचा हात नको. त्याआधी आप्पासाहेबांच्या लेकीच्या, राहीच्या लग्नात तेच. लग्नाच्या आमटीसाठी येसर करायचं म्हणून बायका धान्य भाजायला बसल्या, तेव्हा द्वारकाबाईंच्या हातातलं उलथनं त्यांनी काढून घ्यायला लावलं. आज लेकीनं त्यांचं काम स्वतःच्या नावावर घेतलं ते मायेनं. पण हात रिकामा झाला तो झालाच.

त्यांनी सूप खाली ठेवलं. उठल्या.

"तिनं नाय. म्या भाजलं."

"आई..."

"तू गप. बाभळीच्या जाळावर भाजलं, लोखंडी कढईत. जागची हालले नाय."

आप्पासाहेबांचा आवाज खाली आला. "द्वारका, सवाष्णींचा हात लावून सुरू केलेलं काम हाय हे. तुला माहीत हाय."

"माहीत हाय."

द्वारकाबाईंनी दुसरा ग्लास घेतला. मुक्ता पुढं झाली, पण तोटी त्यांनीच सोडली. फेस निम्म्या ग्लासावर आला, हातावर सांडला. उभ्या उभ्या, दिराच्या समोर, त्यांनी घोट घेतला. जन्मातला पहिला. डोळे मिटले, कपाळाला आठी पडली.

"कसं लागतंय?" मुक्तानं हळूच विचारलं.

आजवर त्यांनी रांधलं होतं आणि चव पंगतीनं सांगितली होती. हा प्रश्न त्यांना कुणी केलाच नव्हता. त्यांनी उत्तराची घाई केली नाही. अजून एक घोट घेतला.

"पैल्यांदा काकवी. नाय, काकवी नाय... कढईच्या बुडाला धरलेला गूळ. मंग भाकरीचा करपट पापुद्रा. शेंगदाण्याचं लाल फोलपट. आन् सगळं गेलं, की मेथी. ती जिभंवर बसून ऱ्हाती, उठ म्हनलं तरी उठत नाय." त्यांनी हात छातीशी नेला. "आन् इथं ऊब. बाळंतिणीच्या शेगडीवानी."

"म्हणजे कडूच की," आप्पासाहेब म्हणाले.

"कडू हाय. असू द्या की कडू."

"लोकांना गोड लागतं, द्वारका."

"राहीच्या लग्नातली येसराची आमटी गोड हुती व्हय? तुमीच मागून मागून खाल्ली."

आप्पासाहेबांना नकळत हसू आलं. "तशी आमटी परत नाय खाल्ली. तुझ्या जाऊच्या हाताला त्या दिवशी..."

"जाऊबाईंचं धान्य कच्चं ऱ्हायलं हुतं. मंग त्यांनीच मला मागच्या चुलीपाशी बसवलं. तुमाला सांगू नको म्हनल्या." पदर खांद्यावर घसरला होता, त्यांनी तो वर घेतला नाही. "राही सुखात हाय. परवाच फोन आलता. लेकरं शाळंत जात्यात."

आप्पासाहेबांनी क्रेटवरचा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरला. गटाराचं नाव पुन्हा काढलं नाही. बाहेर पडले तेव्हाही ग्लास हातातच होता.

मुक्ता जवळ आली. "उगाच तुला बोलतील, म्हणून मी..."

"बोलू दे. माझ्या हाताचं ते माझंच म्हनायचं."

द्वारकाबाईंनी उरलेली बिअर संपवली, पदरानं ओठ पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"सकाळी कढई काढून ठेव," त्या म्हणाल्या. "पुढचं आणखी जरा काळं करू."