रुमालाखालचा आकडा

धारूरच्या बैलबाजारात दलाल उत्तरेश्वरच्या हाताला तोड नव्हती, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. स्वभावाला मात्र औषध नसतं. दुसऱ्याच्या दारात मांडव पडला की याच्या पोटात दुखायचं. इतरांच्या बाबतीत ते दुखणं तासाभरात थांबे, पण साडू शहादेवचं काही बरं ऐकलं की याची चार-चार दिवस भूक मरायची.

थोरली वत्सला शहादेवला दिलेली, धाकटी मंगल उत्तरेश्वरला. सासुरवाडीला दोघं एका पंगतीला बसले की तुपाची धार शहादेवच्या ताटात जरा जास्त वेळ सुटायची, असं उत्तरेश्वरचं म्हणणं. वीस वर्षं तो त्या धारेवर नजर ठेवून होता. घरीही सुटका नव्हती. नळ गळो की पोराला ताप येवो, मंगलचं बोलणं 'आमचे दाजी असते तर' इथूनच सुरू व्हायचं.

त्यात बैलांची भर पडली. सहा वर्षांपूर्वी उत्तरेश्वरनंच शहादेवला दोन लालकंधारी खोंडं मिळवून दिली होती. एकाच्या मानेवर अशुभ भोवरा होता, त्यामुळं बाजारात त्यांना कुणी हात लावीना. असला माल साडूच्या गळ्यात मारताना उत्तरेश्वरला आतून गुदगुल्या होत होत्या. शहादेवनं त्या भोवऱ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सरकी-पेंड घालून, रोज हातानं खरारा करून त्यानं ती अशी वाढवली की पोळ्याला सरदार आणि वजीर वेशीतून निघाले की गाव दारात येऊन उभं राहायचं. 'शहादेवची जोडी' म्हणायचे लोक. खोंडं निवडून देणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. आणि 'मी निवडलेली' असं सांगायचीही सोय नव्हती, कारण ती कशासाठी निवडली हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

मागच्या श्रावणात शहादेवनं ती जोडी विकायला काढली. गुडघे गेले होते, पोरगा युवराज पुण्यात गाडी चालवायचा आणि तो काही औताला परत येणार नव्हता. गिऱ्हाईक होतं तलवाड्याचा आदिनाथ. बाजार नाही, दलाल नाही, घरच्या गोठ्यात परस्पर सौदा. घरात दलाल असताना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. शहादेवनं उत्तरेश्वरला फोन केला होता, नाही असं नाही, पण काय म्हणून?

"पाव्हणं, शनवारी चहाला या. आपल्या माणसाच्या म्होरं सौदा झालेला बरा."

लग्न लावणाऱ्या भटजीला वऱ्हाडात नेऊन बसवावं, तसं ते उत्तरेश्वरला वाटलं. तरी तो गेला. न जाता राहवलं नसतं.

बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. देणारा आणि घेणारा हातात हात घालतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून बोलतात. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच, त्याच्या पुढचं सांगायचं तर पंजा दाबून वर आणखी बोटं. आकडा दोघांत राहतो. एकदा रुमालाखाली गेलेला हात सौदा पटल्याशिवाय किंवा फिसकटल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हा रिवाज. आणि कुणाला किती मिळाले, हे बायकोलाही घाईनं सांगत नाहीत.

इतरांना रुमाल दिसतो, उत्तरेश्वरला मात्र कोपर दिसायचं. बोट दाबलं की मनगटाच्या वरची शीर हलते, पंजा दाबला की खांदा उतरतो. पंचवीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. गोठ्याच्या मेढीला टेकून तो आदिनाथच्या हाताकडं बघत राहिला. आधी एकच शीर हलली. मग खांदा उतरला. मग चार बोटं. शहादेवनं मान डोलावली आणि दोघांचे हात बाहेर आले.

एक लाख नव्वद हजार. त्या साली बाजारात एवढ्याला कुठली जोडी गेली नव्हती. तीही उत्तरेश्वरनंच खोड बघून गळ्यात मारलेली, भोवऱ्याची जोडी. उत्तरेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाव्हणं, गूळ तर खाऊन जावा," शहादेव म्हणाला. ताटली त्याच्या हातात होती.

"काम हाय," एवढं म्हणून उत्तरेश्वरनं गाडीला किक मारली. सौदा झाल्यावर गूळ न खाता उठलेला दलाल त्या दिवशी लोकांनी पहिल्यांदा पाहिला.

धारूरला येऊन तो टपरीवर चहाला थांबला. तिथं दुसरा दलाल, मुंजाजी, जणू त्याचीच वाट बघत बसला होता.

"काय बे, साडूनं तुला बाजूला सारून जोडी विकली म्हणं. कितीला गेली, ते तरी सांगितलं का?"

आता इथं शहाण्या माणसानं चहा पिऊन उठायचं असतं. पण जिभेला हाड नसतं, आणि नाकाला मिरच्या झोंबलेल्या माणसाला तर जीभ आहे याचंही भान नसतं.

"मला कावून सांगाय पायजे? रुमालाखाली घातला म्हून माझ्यापसून आकडा लपतो व्हय?" उत्तरेश्वर चार बाकड्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "एक नव्वद. रोकडा घरात पडून हाय. उद्या बँक बंद, आता सोमवारी निघंल राजावानी थैली घिऊन घाटातून."

मुंजाजीचं तोंड उघडंच राहिलं. ते बघून उत्तरेश्वरला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्याच्या पाठीमागच्या बाकड्यावर दोघं-तिघं बसले होते. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पुढं कितीतरी वेळा त्याला वाटलं, एकदा वळून पाहिलं असतं तर.

घरी येऊन त्यानं तोच आकडा मंगलच्या पुढ्यात आपटला. ती बिचारी हरखली आणि बहिणीला फोन करायला अंगणात गेली.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला शहादेव गाडीवर थैली अडकवून धारूरला निघाला. घाटातल्या वळणावर तोंडाला रुमाल बांधलेल्या तिघांनी त्याला अडवलं. वरच्या उतारावर भिवराबाई शेळ्या चारत होती. तिला झाडीतून नीट दिसलं नाही, पण ऐकू आलं. एक जण दोनदा ओरडला, "एक नव्वद कुठं हाय?" शहादेव म्हणत होता, "न्हाई बाबांनो, माझ्यापशी न्हाई." मग लोखंडी गज आपटल्याचा आवाज आला. म्हातारी खाली पोचेपर्यंत ते थैली घेऊन पसार झाले होते. दवाखान्याच्या वाटेवरच शहादेव गेला.

उत्तरेश्वर मंगलला घेऊन पोचला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तो माणसांच्या कडेकडेनं गोठ्याकडं सरकला आणि तिथंच खिळला. सरदार आणि वजीर दावणीला उभे होते. दोन्ही बैल, शांत, वैरण खात.

आठ दिवसांवर पोळा होता. पोळ्याच्या तोंडावर कुठला कुणबी बैलाचं दावं सोडतो? विसार म्हणून थोडे पैसे आधी घेतात, पोळा पुजतात, पुरणपोळीचा घास भरवतात, आणि मग बैल एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं रक्कम घेतात. हे धारूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि पंचवीस वर्षं दलाली केलेल्या माणसाला जळफळाटात त्याचा विसर पडला होता. गुळासाठी दोन मिनिटं थांबला असता तर त्याच्यासमोरच आदिनाथनं अकराशे रुपये विसार दिला असता. तेच अकराशे थैलीत घालून शहादेव बैलांना नव्या झुली आणायला निघाला होता.

मयताला आठ गावं लोटली. सरणापाशी उभं असताना उत्तरेश्वरच्या मनात आलं, आपल्या मागं एवढी माणसं येणार नाहीत. त्या विचाराची त्याला शिसारी आली, पण आला तो आलाच.

पुढचं सगळं त्या आकड्यावर अडलं. भिवराबाईनं ऐकलेलं पोलिसांना सांगितलं. आकडा दोघांनाच माहीत, त्यातला एक मेलेला. मग आदिनाथला चौकशीला बोलावणी सुरू झाली. तो तलवाड्याहून दर आठवड्याला यायचा, दिवसभर बाकावर बसायचा आणि परत जायचा. हाती काही लागलं नाही, मारेकऱ्यांचा माग लागला नाही, पण लोकांना पुरावा थोडाच लागतो. आदिनाथच्या मुलीची, करिष्माची, ठरलेली सोयरीक मोडली. त्यानं बैल नेलेच नाहीत. मुंजाजीला टपरीवरचं बोलणं आठवत होतं, पण पोलिसांच्या दारात कुणी आपणहून जात नाही. तो उत्तरेश्वरला बाजारात टाळायला लागला, एवढंच.

उत्तरेश्वर रोज ठरवायचा, आज सांगतो. सांगितलं की आदिनाथ सुटणार होता. पण सांगितलं की मंगल ऐकणार, वत्सलाअक्का ऐकणार, बाजार ऐकणार. त्याला भीती वाटायची, आणि भीतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. मंगल आता दाजींच्या फोटोला रोज उदबत्ती लावायची. मेलेल्या माणसाशी बरोबरी करता येत नाही, आणि आपण तोंड उघडलं तर या घरात आपली किंमत काय उरणार, हे तो ओळखून होता. असं वर्ष गेलं.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईचा फोन आला.

"जोडी विकायची हाय. तुमच्या हातून जाऊ द्या."

सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते बोलणं आलं होतं. गाडी चालवताना उत्तरेश्वरला आपण खूश आहोत हे कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. घाटातलं ते वळण त्यानं नजर न उचलता ओलांडलं.

वत्सलाबाई गोठ्यात बसली होती. बैल वाळले होते, पण अंग लखलखत होतं. खरारा तीच करायची.

"अक्का, भाव काय मनात धरलाय?"

तिनं शहादेवचा रुमाल मांडीवरून उचलला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"बायकांनी असा सौदा करायचा नसतो, अक्का."

"धरा की. आपलंच माणूस हाय."

त्यानं रुमालाखाली हात घातला. तिचा हात खरबरीत होता आणि थंड. तिनं त्याचं एक बोट दाबलं. मग अख्खा पंजा दाबला. मग चार बोटं.

उत्तरेश्वरनं हात ओढायला बघितला. तिनं मनगट धरून ठेवलं.

"सौदा पटल्याबिगर हात काढत न्हाईत," ती म्हणाली. "यांनी मलाबी आकडा सांगितला नव्हता. पोळा झाल्यावर सांगतो म्हणले. त्याच सांजंला मंगलचा फोन आला. एक नव्वदला गेली म्हणं, अक्का, लई झाक झालं. मी तवा हसले. मागून डोकंच ठिकाणावर न्हवतं, फोनची याद राहिली न्हाई. काल पिंडाला कावळा शिवंना, तवा बसल्या बसल्या आठवलं. मंगलला कुणी सांगितलं?"

"मी वळखला. कोपरावरनं."

"आनं त्या तिघांला?"

बाहेर कुणीतरी पंप चालू केला. उत्तरेश्वरच्या हाताला घाम फुटला होता, पंचवीस वर्षांत असा कधी फुटला नव्हता.

"टपरीवर बोलून बसलो, अक्का," तो म्हणाला. "मला जोडीचं बघवलं न्हाई. कोण ऐकत व्हतं ते मी वळूनबी बघितलं न्हाई. देवाशप्पथ."

वत्सलाबाईनं पकड ढिली केली नाही.

"ते घावतील का न्हाई, मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "पन आदिनाथची पोरगी घरात बसून हाय. आता तलवाड्याला जायचं. त्याच्या दारात, चार माणसांत, हे असंच बोलायचं. मग ठाण्यात. कबूल असंल तर हात काढा."

सरदारनं मान लांब करून वत्सलाबाईच्या खांद्याला नाक लावलं. मानेवरचा तो अशुभ भोवरा तिच्या कानाजवळ आला होता, आणि तिनं डाव्या हातानं त्यावरूनच त्याची मान थोपटली. उत्तरेश्वरला वाटलं, आपण गेल्यावर मंगल आपल्यासाठी कुणाचा हात असा धरून ठेवणार नाही. त्या क्षणीही त्याला शहादेवचा हेवा वाटला.

मग त्यानं मान डोलावली आणि रुमालाखालचा हात बाहेर काढला.