सोनेरी रंग फासलेले धुराडे

मित्रांनो, मी मधमाश्यांना धूर द्यायचे, हातात मावणारे एक जुने धुराडे आहे. सध्या माझ्या अंगावर सोनेरी रंग आहे, पण त्याला भुलू नका. त्या रंगाच्या वासाने मला अजून मळमळते.

मधमाश्या पाळणाऱ्याला धूर लागतो. धूर आला की कुठेतरी आग लागली असे समजून माश्या पोटभर मध पितात, जड होतात आणि डंख मारायच्या भानगडीत पडत नाहीत. त्यासाठी एका पत्रेकाम करणाऱ्याने तेलाच्या डब्यातून मला घडवले. पुढे निमुळते नाक, मागे चामड्याचा भाता. "दिसायला ध्यान आहे, पण काम चोख करेल," असे म्हणत त्याने मला माझ्या मालकाच्या, सगळे ज्यांना काका म्हणत त्यांच्या, हातात दिले.

काका विजेचे मीटर वाचायचे काम करत. घरोघर फिरणे असल्यामुळे कुणाच्या गच्चीत, कुणाच्या टाकीमागे पोळे बसले की पहिली खबर त्यांना लागे. लोक म्हणत, "काका, जाळून टाका एकदाचं." काका म्हणत, "तुमचं घर जाळलं तर चालेल? संध्याकाळी येतो."

संध्याकाळीच का, ते सांगतो. दिवसा निम्म्या माश्या फुलांवर गेलेल्या असतात. त्या परत आल्या आणि घरच नसले तर? म्हणून काका उन्हे उतरेपर्यंत भिंतीला टेकून बसत. शेवटची माशी आत गेली की माझ्या पोटात गोणपाटाचे तुकडे पेटवत आणि पहिला धूर स्वतःच्या मनगटावर सोडून पाहत. चटका बसला तर थोडे थांबत. मग पोळे हलक्या हाताने कापून, लाकडी चौकटींना दोऱ्याने बांधून पेटीत ठेवत. राणीमाशी पेटीत गेली की बाकीचे कुटुंब तिच्यामागे आपसूक जाई. बदल्यात काका कपभर चहा घेत, तोही बिनसाखरेचा. घरात मधाच्या बरण्या आणि स्वतःला गोड वर्ज्य, यावर त्यांची लेक पोट धरून हसायची.

ज्याचे कुणी नाही अशा आजाऱ्यापाशी दवाखान्यात बसायलाही काकाच जात. कामावरून परस्पर जात, त्यामुळे पिशवीत मीही असे. एकदा परिचारिका नाकाला रुमाल लावून म्हणाली, "काका, पेशंटला बरं करायचंय की भाजायचंय?" तेव्हापासून मी व्हरांड्यात बसू लागलो. रविवारी काका वाचनालयात फाटकी पुस्तके चिकटवत. तिथल्याच भिंतीत, खिडकीशेजारच्या भोकातून माश्यांचे एक कुटुंब आत शिरले होते. ते हलवायचे ठरले आणि काकांनी अंथरूण धरले.

लेक सगळे काम शिकलेली होती. काका तिला म्हणाले, "बाकी काही नाही गं. तेवढं वाचनालयातलं पोळं सुखरूप काढ. घाई करू नकोस."

"काढते, बाबा. एक माशी बाहेर राहू देणार नाही."

चार दिवसांनी काका गेले.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी शोकसभा ठरवली. लेकीने त्यांना भेटून सांगितले, की सभा संपली की त्याच संध्याकाळी ती पोळे काढून नेईल. अध्यक्ष "हो, हो" म्हणाले आणि काकांची आठवण म्हणून सभेत ठेवायला मला मागून घेऊन गेले. तिने विश्वासाने दिले.

तिथून माझी विटंबना सुरू झाली. माझी काजळी त्यांना घाण वाटली. वर्षानुवर्षांच्या कामाची काजळी ती! ती खरवडून त्यांनी मला सोनेरी रंग फासला. नाकाचे भोक रंगाने बुजले. मग मी पडू नये म्हणून मला फळीवर ठेवून भात्याच्या चामड्यातून आरपार स्क्रू पिळला.

सभेच्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी फवारणीवाला बोलावला. मी टेबलावरून सगळे पाहत होतो. त्याने भिंतीच्या भोकात नळी घातली. आतली गुणगुण आधी वाढली, मग चिरकी झाली, मग थांबली. भोकातून माश्यांचा खच पडला. काही पाठीवर पडून गरगरत होत्या. शिपायाने ते सारे केरसुणीने लोटले, पण घाईत बरेच राहिले. दुपारी लोक आले आणि त्या मेलेल्या माश्या चपलांना चिकटवत खुर्च्यांवर जाऊन बसले. अध्यक्ष बोलायला उभे राहिले, "काका म्हणजे मधमाश्यांचे मायबाप!" त्यांच्या बुटाखाली काहीतरी कुरकुरले. टाळ्या पडल्या. फुलांवर गेलेल्या माश्या परतून खिडकीशी घिरट्या घालत होत्या आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ त्यांना सभेच्या कागदाने हाकलत होते. त्या कागदावर काकांचा फोटो होता. मला माणसांची इतकी किळस कधी आली नव्हती.

तेवढ्यात लेक आली. काखेत रिकामी पेटी, खांद्यावर जाळी. तिने जमिनीकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"हे कोणी केलं?"

"अगं, कार्यक्रमात कुणाला चावायला नको," अध्यक्ष हळूच म्हणाले. "बाबांच्या सभेला गालबोट लागलं असतं."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"माश्याच त्या. परत येतील की!"

नळीने फाटलेल्या पोळ्यातला मध आता भिंतीच्या भोकातून ओघळू लागला होता. शिपायाने खाली वाटी धरली होती. ती पाहून अध्यक्षांना स्फूर्ती आली. "मंडळी, काकांच्या माश्यांचा हा शेवटचा मध. प्रत्येकाने बोटभर चाखू या." असे म्हणून त्यांनी स्वतःचे बोट बुडवून तोंडाकडे नेले.

लेकीने त्यांच्या हातावर फटका मारला. वाटी उडून जमिनीवर पडली.

"विष आहे त्यात! सकाळी तुम्हीच मारलंत ना?"

मग मागून कुजबुज आली, "काका किती शांत होते, आणि मुलगी बघा." ज्यांचा जीव तिने वाचवला, त्यांचेच तोंड वाकडे झाले होते. अध्यक्ष रुमालाने बोट पुसत राहिले. आभार मानायचे कुणाला सुचले नाही.

ती टेबलापाशी आली. तिने माझा भाता दाबला. स्क्रूच्या भोकातून फुस्स आवाज आला. नाकातून काहीच नाही.

"घेऊन जायचं असेल तर..." अध्यक्ष चाचरत म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "आता हे तुमच्याच उपयोगाचं आहे."

मित्रांनो, तेव्हापासून मी काचेच्या कपाटात आहे. येणारेजाणारे माझे कौतुक करतात आणि मला शिसारी येते. तुमच्या ओळखीचे असे कुणी गेले, तर त्यांच्या वस्तूंना रंग लावू नका. भाषणेही थोडी थांबू द्या. आधी त्यांच्या घरच्यांना विचारा, "त्यांचं काही काम राहिलंय का?" आणि ते काम करू द्या. आमच्याकडे हे कुणी विचारले नाही. विचारायचीही गरज नव्हती. लेक स्वतः येऊन सांगून गेली होती, आणि त्या सकाळपर्यंत ते काम भिंतीत जिवंत होते.